गड्याच्या पार्टाला साहेब

चारुदत्त म्हैसकराला आयुष्यात फक्त एक वन्स मोअर हवा होता. बाकी सगळं झालं होतं. नेपरव्हिलमध्ये घर झालं होतं, ग्रीन कार्ड झालं होतं, आणि शिकागोच्या ऑफिसात ट्रान्सफॉर्मरच्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आपलं गाणं संपावं, अंधारातून कोणीतरी ‘वन्स मोअर!’ म्हणून ओरडावं, आणि आपण मान किंचित तुकवून तेच कडवं पुन्हा उचलावं, हे काही झालं नव्हतं. बरं, हा वन्स मोअर कोणा सोम्यागोम्याचा चालणार नव्हता. तो त्याला वडिलांकडून हवा होता, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

राजाराम म्हैसकर, म्हणजे घरातले दादा, सांगलीचे. जन्मभर पोस्टात नोकरी केली ती केवळ संध्याकाळी नाटकाला जायला मोकळं राहता यावं म्हणून. मुलाचं नावसुद्धा त्यांनी नायकाला शोभेलसं ठेवलं. पण दाद देण्याच्या बाबतीत माणूस महाकंजूष. “वन्स मोअर म्हणजे काय देवळाबाहेरची चिल्लर आहे, पुढे येईल त्या हातावर टाकायला?” असं ते म्हणत. चारू सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायला. घरी येताना दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गळा बरा आहे. पण तू नुसता गातोस. ऐकत नाहीस.” गाणाऱ्याने ऐकायचं म्हणजे काय, हे चारूला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे तीस वर्षांतही कळलं नाही. बोचत मात्र राहिलं.

आणि १९८३ साली योग जुळून आला. दादा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले होते, आणि महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या नाटकात चारूला हिरोचा पार्ट मिळाला. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, पण शाळेचा हॉल महिनाअखेरच्या रविवारीच रिकामा असल्यामुळे मंडळाने दिवाळी तिकडे ढकलली होती. नंतरच्या बुधवारी दादांचं परतीचं विमान होतं. म्हणजे वन्स मोअर मिळाला तर त्याच रविवारी, नाहीतर राम राम.

नाटक होतं ‘सासरा आला, गाडी काढा’. लिहिलं होतं मृणालिनी साठेने आणि बसवतही तीच होती. एरवी ती लहान मुलांची डॉक्टर, त्यामुळे नटमंडळी रडायला लागली तरी तिचं काही अडत नसे. नायकाने होणाऱ्या सासऱ्याला आपण मोठे गवई असल्याची थाप मारलेली असते आणि तिसऱ्या अंकात त्याला खरोखर गावं लागतं, अशी ती गोष्ट. गाणं भीमपलासातलं होतं, मृणालिनीनेच रचलेलं: ‘उंबऱ्याशी थांबला वारा, त्याला आत येऊ दे.’

सगळं जमलं होतं, फक्त गडी मिळत नव्हता. मंडळाचा एक अलिखित कायदा होता. त्या वर्षी जो सगळ्यात नवा आलेला असेल, त्याच्या गळ्यात गड्याचा पार्ट पडायचा. चारूनेही आल्या वर्षी खांद्यावर फडकं टाकून चहा आणला होता, आणि तिथून चढत चढत तो हिरोपर्यंत पोहोचला होता. या वर्षी नवा आलेला प्रताप नावाचा इंजिनियर होता, पण ऐन तालमीत त्याला अ‍ॅरिझोनात चँडलरला नोकरी लागली आणि तो फडकं टाकून पळाला. आता एकदा वर चढलेला माणूस पुन्हा गडी कसा होणार? मृणालिनी दारोदार फिरली. डॉक्टर प्रसन्न तर हार्ट सर्जन, तो नाटकात सासऱ्याचा भाऊ होता. त्याने हातच जोडले.

“ऑडियन्समध्ये माझे पेशंट असतात, मृणालिनी. आज त्यांना चहा द्यायचा आणि उद्या त्यांची छाती उघडायची? कॉन्फिडन्स जाईल ना यार लोकांचा!”

“मग माझा गेला तर चालेल?” मृणालिनी म्हणाली. “गड्याशिवाय नाटक कॅन्सल करावं लागेल. अर्धे विनोद त्याच्या ट्रेवर आहेत.”

नाटक कॅन्सल म्हणजे चारूचा वन्स मोअर कॅन्सल. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

अशात, नाटकाला दोन आठवडे उरले असताना, एका शनिवारी चारूची बायको कांचन हिने एक टूम काढली. जवळच एक डिनर थिएटर होतं. लोक आधी भाजलेलं मांस आणि बटाटा जेवत आणि मग तिथेच खुर्च्या वळवून फार्स बघत. कांचनच्या ऑफिसातून तीन तिकिटं मिळाली. दादा शाकाहारी, त्यांच्या पुढ्यात एक भला मोठा उकडलेला बटाटा आणि चार फरसबीच्या शेंगा आल्या. दादांनी बटाट्याकडे बघितलं, बटाट्याने दादांकडे बघितलं, आणि दोघांनी एकमेकांना सोडून दिलं. तेवढ्यात पडदा उघडला.

फार्स इंग्रजी होता. नायक धावत होता, नायिका किंचाळत होती, दारं आपटत होती. आणि एक म्हातारा बटलर होता. उंच, हडकुळा, चेहरा ओढल्यासारखा लांब. त्याला बोलायला काहीच नव्हतं. तो ट्रे घेऊन उभा राहायचा आणि दुसरे बोलत असताना ऐकायचा. पण काय ऐकायचा! नायकाने थाप मारली की याची एक भुवई जरा वर जाई, आणि हॉल कोसळे.

“अरे,” कांचन चारूच्या कानाला लागली, “हा तो बदकवाला!”

आणि खरंच की! रविवारी संध्याकाळी चॅनेल अकरावर इंग्लंडमधली एक जुनी मालिका लागायची. तिच्यात एका पोस्टमनच्या मागे दर भागात एक बदक लागे. तोच हा. चेहरा सगळ्या अमेरिकेला ठाऊक, नाव कोणालाही नाही. कार्यक्रमपत्रिकेत शोधलं तर खालून दुसरं सापडलं, एडगर पिंचबेक.

“हशा त्याच्यामुळे येतोय रे,” दादा पुटपुटले. “बाकीचे नुसते ओरडतायत. त्या म्हाताऱ्याकडे बघ. तो ऐकतोय.”

चारूने मात्र म्हाताऱ्याकडे न बघता दादांकडे बघितलं. बापाने जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी मोकळ्या मनाने दाद दिली होती, तीही एका बदकवाल्याला.

खेळ संपल्यावर दादा उठले, टेबलावरच्या फुलदाणीतला गुलाब काढला, आणि आत जायची मनाई आहे असं लिहिलेलं दार उघडून सरळ आत गेले. मागून चारू आणि कांचन ‘दादा, अहो दादा’ करत धावले. आत पिंचबेक बटलरचे बूट काढून पाय चोळत बसला होता. दादांनी गुलाब पुढे केला आणि पोस्टातल्या इंग्रजीत म्हणाले, “सर, यू लिसन व्हेरी वेल.”

पिंचबेकचा हात पायावरच थांबला. मग तो सावकाश, एका बुटानिशी, उभा राहिला. यापुढचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीतच झालं.

“महाराज,” तो म्हणाला, “चाळीस वर्षं मी रंगभूमीवर आहे. माझ्या पडण्याची तारीफ झाली आहे. एकदा माझ्या नाकाचीही झाली होती. पण हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.”

त्याचे डोळे चक्क भरून आले. आणि त्या भरात, कसं कोण जाणे, चारूच्या तोंडून निघून गेलं, “आमच्या नाटकात काम कराल? गड्याचं आहे. भाषा मराठी आहे. बिदागी वगैरे काही नाही.”

कांचनने कपाळाला हात लावला.

“कोणी कोणी नाकारलंय?” पिंचबेकने विचारलं.

“सगळ्यांनी.”

“मग पार्ट चांगला असणार,” पिंचबेक म्हणाला. त्या आठवड्यात त्याचा इथला मुक्काम संपत होता आणि पुढचं गाव ओमाहा, ते डिसेंबरात. मधले दिवस मोटेलच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा, एवढाच त्याचा बेत होता. तो चारूच्या हातात हात देऊन मोकळा झाला.

अशा रीतीने साहेब गडी झाला. ही बातमी मंडळात वणव्यासारखी पसरली. मृणालिनी आधी फोनवर किंचाळली आणि मग रडली. दादा तर दिवसभर स्वतःशीच हसत होते. “दीडशे वर्षं आपण त्यांना चहा देत आलो,” ते कांचनला म्हणाले, “आता एक रविवार त्यांचा.”

तालमी चारूच्या बेसमेंटमध्ये होत. डॉक्टर मंडळी पेशंटच्या नावाखाली तासभर उशिरा येत. पिंचबेक मात्र आधीच येऊन कांचनच्या स्वयंपाकघरात बसलेला असे. तिथे चहाबरोबर त्याची कहाणी हप्त्याहप्त्याने बाहेर पडली. बाप समुद्रकाठच्या गावात मासे विकायचा. पोरगा पंधराव्या वर्षी नाटक कंपनीबरोबर पळाला. सिनेमात त्याने कितीतरी लोकांसाठी दारं उघडली; सिनेमा चालला तर लोकांना आत आलेला माणूस आठवे आणि पडला तर कोणीच आठवत नसे. कधी दुसरा पोलीस, कधी तिसरा वेटर, कधी ज्याच्या टोपीवर कोणीतरी बसतं तो पाद्री. मग ती मालिका आली आणि सात वर्षं तो बदकापुढे पळाला.

“मग बंद का झाली?” कांचनने विचारलं.

“बदक म्हातारं होऊन वारलं.”

“आणि तुम्ही?”

“मी होतो ना. पण माझ्यासाठी मालिका चालू ठेवावी असं कोणाला वाटलं नाही.” हे सांगताना तो इतका खदखदून हसला की चहा बशीत सांडला. “शोकसभा झाली बदकाची. मला भाषण करायला बोलावलं होतं!”

कांचन हसता हसता ओट्याला टेकली. तिला हा माणूस फार म्हणजे फारच आवडला होता.

गड्याला नाटकात एकच वाक्य होतं, ‘चहा आणला, साहेब.’ तेवढ्यावर पिंचबेकने मृणालिनीला भंडावून सोडलं. चहा गरम आहे का? साहेबावर गड्याचा राग आहे की जीव? मराठी गडी दारात उभा राहतो की बसतो? दादांनी त्याला उंबऱ्याशी उकिडवं बसायला शिकवलं. म्हातारा साठीला टेकलेला, गुडघे कुरकुरत, पण बसला. कांचनचा स्टीलचा ट्रे त्याने मोटेलवर नेला, आणि दोनच दिवसांत तो ट्रे त्याच्या हातात जिवंत झाला. कप घसरत घसरत कडेला यायचे, सगळे श्वास रोखायचे, आणि शेवटच्या क्षणी पिंचबेक कंबरेत असा काही वळायचा की कप परत जागेवर. डॉक्टर प्रसन्न हसून हसून जमिनीवर लोळला आणि स्वतःचीच नाडी बघत बसला.

हसत नव्हता एकटा चारू. कारण तिसऱ्या अंकात, नेमकं त्याच्या गाण्याच्या मधोमध, गडी ट्रे घेऊन येतो असं मृणालिनीने लिहिलं होतं. तालमीत पिंचबेक आला, गाणं ऐकता ऐकता त्याला डुलकी लागली, ट्रे कलंडायला लागला, आणि बेसमेंट दणाणलं. चारूचं कडवं त्या हशाखाली कुठल्या कुठे गेलं.

“मृणालिनी, ती एन्ट्री काढ ना,” चारू म्हणाला.

“वेडा आहेस का? तोच तर नाटकाचा हायलाइट आहे.”

चारू वर जाऊन पलंगावर बसला. “आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला,” तो कांचनला म्हणाला. “मीच त्याला आणला. आता दादा त्याचंच कौतुक करत विमानात बसणार.”

“मग तू तसं गा ना, की त्याच्याकडे कोणी बघणारच नाही,” कांचन म्हणाली. बायकांना सल्ले देणं किती सोपं असतं, असं चारूला वाटलं.

रविवार उजाडला. बाहेर वर्षातला पहिला बर्फ भुरभुरत होता, आणि शाळेच्या हॉलमध्ये नथी, पैठण्या आणि स्नो बूट असा थाट होता. दुपारी दोनचं नाटक मान्यवरांच्या भाषणांमुळे साडेतीनला सुरू झालं, म्हणजे मंडळाच्या मानाने वेळेवरच. विंगेत मृणालिनीने नारळ वाढवला. पिंचबेक खांद्यावर फडकं, डोक्याला मुंडासं, धोतर गुडघ्यापर्यंत, असा उभा राहून नारळाचं पाणी चाखत होता. तिसरी घंटा झाली.

पहिल्या अंकात चारू स्टेजवर एकटा असताना पिंचबेक ट्रे घेऊन आला. लांब चेहऱ्याचा गोरा गडी बघताच हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग कप घसरायला लागले. हॉलने श्वास रोखला. पिंचबेक वळला, कप परतले, आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, “चहा आणला, साहेब.”

हॉल उसळला. आणि मागच्या रांगेतून एक दणदणीत आवाज आला, “वन्स मोअर!”

लगेच चहूकडून, “वन्स मोअर! वन्स मोअर!”

त्या गलक्यात शब्द काही कळेनात, आणि पिंचबेक पांढराफटक पडला. इंग्लंडात प्रेक्षक खेळ चालू असताना ओरडतात ते एकाच कारणासाठी, नट नकोसा झाला म्हणून. उत्तरेकडच्या एका गावात ते ओरडले होते तेव्हा मागोमाग बटाटाही आला होता. त्याने झटकन कप टेबलावर ठेवले आणि रिकामा ट्रे ढालीसारखा डोक्यावर धरला. लोकांना वाटलं हाही पार्टच. हॉल आडवा झाला.

“माझं काय चुकलं?” ट्रेखालून पिंचबेकने चारूला विचारलं.

खरं सांगायचं तर चारूच्या मनात क्षणभर पाप आलं. ‘फार चुकलं, निघून जा,’ असं सांगितलं असतं तर म्हातारा मुकाट्याने गेला असता. पण त्याचा तो घाबरलेला चेहरा बघून चारूला ते जमेना.

“चुकलं नाही. त्यांना आवडलं. पुन्हा करा.”

“पुन्हा? आत्ता? नाटक थांबवून?”

“हो. आमच्यात तशी पद्धत आहे.”

पिंचबेक आत गेला, पुन्हा आला, पुन्हा कप घसरले. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा त्याने कप उलट्या बाजूने घसरवले. चौथ्यांदा मृणालिनीने विंगेतून दिवे मालवायची धमकी दिली तेव्हा कुठे नाटक पुढे सरकलं. या सगळ्या वेळात नाटकाचा हिरो खांबासारखा उभा होता. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पहिल्या रांगेकडे बघितलं. दादा डोळे पुसत हसत होते. मात्र वन्स मोअर त्यांनी दिला नव्हता, पिंचबेकलाही नाही.

मध्यंतरात पिंचबेक विंगेतल्या स्टुलावर बसला होता. “चाळीस वर्षं,” तो म्हणत होता, “चाळीस वर्षं लोक मला म्हणत आले, लवकर आटप आणि बाजूला हो. आणि हे म्हणतात पुन्हा कर! तुमच्याकडे हे रोज होतं?”

“रोज नाही,” चारू म्हणाला. “माझं तर कधीच झालं नाही.” आणि मग त्याला राहवलं नाही. त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. सांगली, शाळेचं गॅदरिंग, ‘तू ऐकत नाहीस’, बुधवारचं विमान. सांगून झाल्यावर त्याला लाज वाटली. मोठा चाळिशीचा बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखा रडगाणं गात होता.

पिंचबेकने मुंडासं नीट केलं. “म्हणजे ज्यांनी मला गुलाब दिला, तेच,” तो म्हणाला. आणि तो ट्रेवर कप मांडायला लागला.

तिसरा अंक. सासऱ्याने फर्मावलं, जावईबापू, होऊन जाऊ दे! पेटीवाल्याने सूर दिला. चारूने दादांवर नजर रोखली आणि छाती भरून सुरू केलं. ‘उंबऱ्याशी थांबला वारा...’ आवाज मोठा लागला, ताना चोख आल्या, आणि हॉलमध्ये लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागले. कोणीतरी खोकलं. दादा आढ्याकडे बघत होते. चारूने आवाज आणखी चढवला.

तेवढ्यात पिंचबेक आला. ट्रेवर कप होते. हॉलमध्ये नुसती त्याची चाहूल लागताच खसखस पिकली. आता डुलकी, आता ट्रे कलंडणार! चारूने मनातल्या मनात गाण्यावर तुळशीपत्र ठेवलं.

पण पिंचबेकला डुलकी लागली नाही. तो दारातच थांबला. आपण चहा घेऊन निघालो होतो हेच विसरून गेला. त्याची मान चारूच्या दिशेला जराशी कलली, आणि तो ऐकायला लागला. लोक हसायचे थांबले. काय झालं? कप का घसरत नाहीत? सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता आणि तो बघत होता चारूकडे. मग हळूहळू हॉलही चारूकडे बघायला लागला. म्हातारा कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली झाला, दादांनी शिकवल्यासारखा उंबऱ्याशी उकिडवा बसला, ट्रे मांडीवर घेतला. कप वाजला नाही.

चारूच्या पुढ्यात आयुष्यात पहिल्यांदा असा ऐकणारा बसला होता. अशा माणसापुढे ओरडून कसं चालेल? त्याचा आवाज आपोआप खाली आला. खाली आल्यावर त्याला पेटी ऐकू आली, मग पेटीवाल्याचा श्वास, आणि मग स्वतःचा सूर, जो त्याने आजवर नीटसा कधी ऐकलाच नव्हता. ‘त्याला आत येऊ दे’ ही ओळ आली तेव्हा ती त्याने दादांसाठी गायली नाही, वन्स मोअरसाठीही नाही. ती ओळच इतकी सुंदर होती की तिला घाई करवेना.

गाणं संपलं. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. चारूला वाटलं, संपलं, पडलं.

आणि उंबऱ्यावरून, खुद्द स्टेजवरूनच, शुद्ध इंग्रजी उच्चारात, चाळीस वर्षांचे सगळे नियम मोडून, गडी ओरडला, “वन्स मोअर!”

मग जो काही गदारोळ उठला! डॉक्टर प्रसन्न आपण सासऱ्याचे भाऊ आहोत हे विसरून ओरडला. विंगेतून मृणालिनी ओरडली. कांचन खुर्चीवर उभी राहिली. ‘वन्स मोअर, वन्स मोअर’ने शाळेचं छप्पर हलायची वेळ आली. चारूने मान तुकवली, जशी ती तुकवायची वर्षानुवर्षं आरशात तालीम केली होती तशी मुळीच नाही, अगदी बावळटासारखी, आणि तेच कडवं पुन्हा उचललं.

गाता गाता त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. दादा ओरडत नव्हते. ते डोळे मिटून बसले होते. तोंड घट्ट बंद.

नाटक संपलं, शेवटी सगळ्यांनी ढकलून पिंचबेकला मधोमध उभं केलं. त्याने इतका वाकून नमस्कार केला की मुंडासं सुटून पेटीवाल्याच्या डोक्यावर पडलं. लोकांनी त्यालाही वन्स मोअर दिला.

परत निघाले तेव्हा सातच वाजले होते, पण पुरता अंधार पडला होता. चारू गाडी चालवत होता, शेजारी कांचन, मागे दादा आणि पिंचबेक. पिंचबेकला मोटेलवर सोडायचं होतं. त्याच्या मांडीवर मंडळाने दिलेली शाल आणि श्रीफळ होतं, आणि तो नारळ सोन्याचा असावा तसा धरून बसला होता. ऑग्डन अव्हेन्यूवर बर्फ उतरत होता. दादा काही बोलत नव्हते. चारूला सातवीतली ती घरी परतायची वाट आठवली आणि त्याने स्टीअरिंग घट्ट धरलं.

शेवटी कांचनलाच राहवेना. “दादा, कसं झालं हो याचं गाणं?”

दादा खाकरले. “साहेबाने घाई केली,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्या तोंडाशी आला होता. त्याने आधी देऊन टाकला. आणि मग एवढी माणसं ओरडायला लागली. त्या गोंगाटात मी कशाला देऊ? कोणाला ऐकू गेला असता?” वायपर फिरत राहिले. मग अंधारातून त्यांचा आवाज आला, ओरडून नाही, अगदी हळू, “चारू, वन्स मोअर.”

चारूने गाडी बाजूला घेतली. ब्लिंकर लावला. सुरुवात करायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि गळ्यात नुसता आवंढा. एक क्षण गेला, दोन गेले. गाडीत शांतता पसरायला लागली, आणि ती फार लांबली असती तर चारू नक्की रडला असता.

पण पिंचबेकने आपल्या उभ्या कारकिर्दीत स्टेजवरचा एकही क्षण मरू दिला नव्हता. मागच्या सीटवर तो ताठ बसला, दोन्ही हातांनी नारळ ट्रेसारखा पुढे धरला, आणि गंभीरपणे म्हणाला,

“चहा आणला, साहेब.”

दादा आधी फुटले. मग कांचन, मग चारू. तिघेही पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि आपण नेमकं काय केलं हे न कळलेला, पण हशा कुठे सोडायचा हे पक्कं ठाऊक असलेला पिंचबेक भुवई जराशी वर करून बसून राहिला. हसता हसता चारूचा गळा मोकळा झाला. त्याने गाणं उचललं. मागे दोन म्हातारे शेजारी शेजारी बसून ऐकत होते.